शकाराला सोडलं, कीचकाला मारलं

'द ग्लोरी' या कोरियन मालिकेचा पहिला भाग ३० डिसेंबर २०२२ रोजी आला आणि दुसरा १० मार्च २०२३ रोजी. शाळेत असताना मून दाँग-उन या मुलीला बरोबरीची पाच मुलंमुली केस कुरळे करायच्या तापत्या सळईने चटके देतात. दाद मागायला गेलेल्या तिलाच शिक्षक मारतो, आणि आई पैसे घेऊन मुलीला शाळेतून काढण्याच्या कागदावर सही करून मोकळी होते. पुढची सगळी तरुणाई दाँग-उन या पाच जणांच्या संसाराचा, पैशाचा, लपवाछपवीचा अभ्यास करण्यात घालवते आणि एकेकाला उद्ध्वस्त करते. पाहणाऱ्यांचे इथे दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, त्यांना मिळालं ते कमीच. दुसऱ्याचं म्हणणं, सूड घेणारा शेवटी ज्याचा सूड घेतो त्याच्यासारखाच होतो. दोन्ही तट गुन्हेगाराकडे बघून वाद घालतात: त्याची लायकी काय होती, शिक्षा किती असायला हवी होती. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी विचारायला हवं की हिशेब कोणाचा होता, तो चुकता करायचा की सोडून द्यायचा हे कोणी ठरवलं, आणि त्याचा भुर्दंड कोणावर पडला. मराठी रंगभूमी गेली दीडशे वर्षं या प्रश्नाभोवती फिरते आहे, आणि त्यातली सगळ्यात जुनी फिर्याद उज्जैनची आहे.

उज्जैन मराठी माणसाला परकं नाही. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचं मंदिर नव्यानं उभं केलं, आणि दौलतरावांनी ग्वाल्हेर जवळ करेपर्यंत शिंद्यांचं बिऱ्हाड याच गावात होतं. पण इथे मला हवी आहे ती त्याहून कितीतरी जुनी उज्जयिनी, शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तली. राजा पालकाचा मेहुणा, ज्याला नाटक शकार म्हणतं, गणिका वसंतसेनेच्या मागे लागतो. ती बधत नाही म्हणून पुष्पकरंडक उद्यानात तिचा गळा आवळतो, मेली असं समजून पाचोळ्याखाली टाकतो, आणि सरळ न्यायसभेत जाऊन खुनाचा आरोप तिचा प्रियकर असलेल्या दरिद्री ब्राह्मण चारुदत्तावर ठेवतो. न्यायाधीशाला चारुदत्ताचा चांगुलपणा ठाऊक आहे. पण ऐन वेळी चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात. तेच दागिने, जे तिने चारुदत्ताच्या मुलाला सोन्याची गाडी घे म्हणून त्याच्या मातीच्या गाडीत घातले होते. दया केल्याचा पुरावा खुनाचा पुरावा ठरतो. न्यायाधीश हद्दपारी सुचवतो, कारण ब्राह्मणाला देहदंड नाही. राजा ते धुडकावून सुळाची आज्ञा देतो. चारुदत्त स्वतःच्या बचावासाठी धड भांडतही नाही. वसंतसेना गेली असं मानून तो जवळजवळ कबुलीच देतो. अपराध्याच्या मनात खेदाचा लवलेश नाही आणि निरपराध माणूस अपराध अंगावर घेऊन मोकळा होतो, हे चित्र इतकं खरं आहे की कुठल्याही काळातली कचेरी त्यात ओळखू येईल.

शेवटच्या अंकात चारुदत्ताच्या गळ्यात तांबड्या कण्हेरीची माळ आहे, अंगावर रक्तचंदनाचे पंजे उमटवले आहेत, आणि चांडाळ त्याला दवंडी पिटत स्मशानाकडे नेत आहेत. तेवढ्यात भिक्षूने वाचवलेली वसंतसेना धावत येते. त्याच सुमारास गवळ्याचा पोर आर्यक यज्ञमंडपात पालकाला मारून राजा झाल्याची बातमी येते. पारडं फिरतं. शकाराला पकडून आणतात. लोक ओरडतात, मारा. एकेकाळचा चोर, आता नव्या राजाचा माणूस झालेला शर्विलक विचारतो, याला कुत्र्यांपुढे टाकू, सुळावर देऊ की करवतीने कापू? वसंतसेना चारुदत्ताच्या गळ्यातली ती वध्याची माळ काढते आणि शकाराच्या अंगावर फेकते. तिथे तिच्या वाट्याला शब्द नाही, एवढी एकच कृती आहे. शकार तिच्यापुढे दयेची भीक मागतो तीही तिला दासीची पोर म्हणून हिणवत. आणि मग चारुदत्त निकाल देतो: शरण आलेल्याला शस्त्राने मारायचं नसतं, उपकाराने मारायचं. शकाराचा जीव वाचतोच, वर त्याचं पूर्वीचं पदही त्याच्याकडे राहू द्यावं असं चारुदत्त सांगतो.

या क्षमेचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या केलं. मला ती अर्धीच पटते. या खटल्यात फिर्यादी दोन होते. खोट्या आरोपाने सुळाच्या वाटेवर चालवला गेलेला चारुदत्त एक, आणि जिचा गळा आवळला ती वसंतसेना दुसरी. चारुदत्ताने आपल्या वाट्याचं वैर सोडलं, हे थोरच आहे, कारण त्याचा घाव खरा होता आणि हातात सत्ताही आली होती. पण त्याच वाक्यात त्याने तिचाही हिशेब मिटवून टाकला. तिने तर आपला कौल नुकताच दिला होता, तोही सगळ्यांसमोर. भिक्षूचं काय करायचं, चांडाळांचं काय, आर्यकाला निसटू देणाऱ्या चंदनकाचं काय, असं प्रत्येकाविषयी चारुदत्ताला विचारलं जातं. शकाराविषयी वसंतसेनेला कोणी विचारत नाही. तिला कुलवधूचा मान मिळतो आणि ज्याने तिला मारायचा प्रयत्न केला तो त्याच पदावर त्याच शहरात राहतो. जीवदान देणं आणि अधिकारपद परत देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करुणा आहे. दुसरीचा भार उद्या कोणाच्या डोक्यावर येणार, याचा विचार नाटक करत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल: संस्कृत नाटकाला शेवट गोड करावाच लागतो, तेव्हा हा संकेताचा भाग आहे, त्यात नीती शोधू नये. पण संकेत चारुदत्ताला वाचवायला सांगतो, शकाराला नव्हे. रंगमंचावर वध दाखवू नये एवढंच बंधन होतं, आणि पालकाचा वध पडद्याआड झाल्याचं याच अंकात कळतं. राजा मारला जातो आणि मेहुणा सुटतो, ही नाटककाराने केलेली निवड आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शरणागताला अभय हा धर्मच मानला गेला होता, मग चारुदत्त दुसरं काय करणार? अभय देणं त्याला भागच होतं, हे मी मान्य करते. पण अभय जिवाचं असतं, हुद्द्याचं नाही. आणखी एक लक्षात घ्यायला हवं. ही क्षमा शक्य झाली ती राज्य पालटल्यावर. पालक गादीवर असताना चारुदत्ताने शकाराला क्षमा केली असती, तर ती क्षमा म्हणून कोणाच्या ध्यानातही आली नसती.

ही उज्जयिनी मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात. परशुरामपंत गोडबोल्यांनी 'मृच्छकटिका'चं भाषांतर केलं, आणि १८९०च्या सुमारास गोविंद बल्लाळ देवलांनी ते संगीत नाटकाच्या रूपात घरोघरी पोचवलं. पुढे बालगंधर्वांनी वसंतसेना रंगवली. त्याच काळात आगरकरांचं 'विकारविलसित', म्हणजे हॅम्लेट, १८८३मध्ये छापून आलं. डोंगरीच्या तुरुंगात असताना त्यांनी ते भाषांतर केलं होतं. त्यातली चंद्रसेनाची, म्हणजे हॅम्लेटची, भूमिका गणपतराव जोशांनी गाजवली. म्हणजे एकाच पिढीतल्या मराठी प्रेक्षकासमोर सूड सोडून देणारा चारुदत्तही होता आणि सूड घ्यावा की नाही या घोळात निरपराधांचे जीव घालवून बसणारा चंद्रसेनही. त्या दोघांच्या मधली एक जागा मोकळी होती, आणि ती कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी भरून काढली.

खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७चं. कीचक कोण? विराट राजाचा मेहुणा. सैरंध्री बनून राहिलेल्या द्रौपदीच्या मागे तो लागतो आणि राजा त्याच्यापुढे मान तुकवतो. शकाराचंच हे वर्णन आहे: राजाचा मेहुणा, त्याला न बधणारी स्त्री, दुबळा किंवा दुष्ट राजा. एक फरक मात्र आहे. उज्जैनमध्ये राज्य पालटलं, विराटनगरीत पालटलं नाही. द्रौपदी दाद मागून मागून थकते, युधिष्ठिर धीर धरायला सांगतो, आणि शेवटी भीम कीचकाला मारतो. त्या वेळच्या प्रेक्षकाला कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. मुंबई सरकारलाही तेच दिसलं आणि १९१०मध्ये नाटकावर बंदी आली. राजकारण बाजूला ठेवलं तरी हे नाटक माझ्या दृष्टीने 'मृच्छकटिका'च्या एक पाऊल पुढे जातं, कारण इथे जिचा घाव तिचाच शब्द चालतो. भीम द्रौपदीच्या वतीने लढतो, तिच्याऐवजी निवाडा देत नाही. जिथे न्यायसभाच अन्याय करणाऱ्याच्या खिशात आहे तिथे तिच्या सूडाला पाप म्हणायला मी धजणार नाही. मात्र मूळ महाभारतात हा सूड कीचकापाशी थांबत नाही. त्याचे भाऊबंद द्रौपदीलाच त्याच्या चितेवर चढवायला निघतात, आणि भीम तेही एकशे पाच जण मारतो. सूडाचा हिशेब क्वचितच एका नावावर मिटतो.

हा उरलेला हिशेब विजय तेंडुलकरांनी पुढे आणला. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला, दिग्दर्शक जब्बार पटेल. कनोजहून आलेल्या घाशीरामावर पुण्यात चोरीचा आळ येतो, त्याला झोडपून बाहेर काढतात. त्याचा अपमान खरा आहे, त्यात शंका नाही. पण सूडासाठी लागणारी सत्ता तो आपल्या पोरीच्या, गौरीच्या, देहाच्या मोबदल्यात नाना फडणविसांकडून घेतो. ज्यांनी त्याला मारलं ते वेगळे. कोठडीत कोंबून गुदमरून मेलेले परप्रांतीय ब्राह्मण वेगळे. आणि बाळंतपणात मेलेली गौरी तर कोणाचीच अपराधी नव्हती. घाशीरामाला अपराधाची जाणीव होते ती जमाव दगड घेऊन आल्यावर. शहराच्या छातीवर नाचलो याचं त्याला काही वाटत नाही, लेक वाया घालवली याचं वाटतं, आणि म्हणून तो स्वतःच मार मागून घेतो. या प्रसंगाने तेंडुलकर सूडाची खरी कसोटी दाखवतात. शत्रूला किती दुखवलं हे त्यात मोजायचं नसतं. त्यासाठी आपल्या माणसांपैकी कोणाला खर्ची घातलं, हे मोजायचं. नाना मात्र शाबूत राहतात. सूडाचं हत्यार मोडून पडतं आणि ते ज्याने वापरलं त्याला ओरखडाही उठत नाही.

ही कसोटी 'द ग्लोरी'ला लावली की मालिकेचं बळ आणि दुबळेपण दोन्ही कळतं. दाँग-उन आपल्या घावाची स्वतः मालक आहे. तिच्या वतीने कोणी क्षमा करत नाही आणि कोणी सूडही घेत नाही. तिला साथ देणारी बाई नवऱ्याचा मार खाणारी आहे, आणि ती आपला हिशेब घेऊन येते. शत्रूंना दाँग-उन स्वतः मारत नाही, त्यांच्या आपापसातल्या लोभाला आणि संशयाला ती एकमेकांवर सोडते. इथपर्यंत ती द्रौपदीच्या बाजूला आहे. पण मुख्य गुन्हेगार पार्क यॉन-जिन हिच्या लहान मुलीच्या वर्गाची ती शिक्षिका होते, आणि तिथे मला घाशीराम आठवतो. त्या मुलीने काय केलं आहे? मालिका मुलीला इजा होऊ देत नाही, शेवटी ती बापाबरोबर परदेशी निघून जाते. तरीही तिचं घर मोडलं आहे आणि ते मोडणाऱ्यांत तिची शिक्षिका होती. समर्थक म्हणतील की घर मोडलं ते तिच्या आईच्या कृत्यांनी. अंशतः खरं आहे. पण निष्पाप मुलीला प्यादं म्हणून वापरायचा निर्णय दाँग-उनचा होता, आईचा नव्हे, आणि तेवढा दोष तिच्या नावावर ठेवूनच तिची बाजू घेता येते. मी ती घेते.

उरतो अपराधीपणाचा प्रश्न. या सगळ्या कथांत मूळ गुन्हेगाराला पश्चात्ताप होत नाही. शकाराला फक्त भीती वाटते, कीचकाला तेवढाही वेळ मिळत नाही, यॉन-जिन तुरुंगातही बदलत नाही. पश्चात्तापाची अट घालून क्षमा करायची म्हटलं तर ती कधीच करता येणार नाही. मन टोचतं ते शेजारी उभ्या असलेल्यांचं. उद्यानात शकार आधी आपल्या सोबत्याला, विटाला, वसंतसेनेला मार म्हणतो, तो नकार देतो. मग स्थावरक नावाच्या दासाला सोन्याची कडी, चांगलं आसन, वरची जागा असं काय काय देऊ करतो, तोही परलोकाची भीती सांगून नकार देतो. तरी दोघांनाही त्याने काहीतरी करून तिथून बाजूला काढलं, आणि ते गेले. विट खुनाचं कळल्यावर शकाराला सोडून आर्यकाच्या बंडखोरांना जाऊन मिळतो. स्थावरक वाड्यात बेड्या घालून कोंडलेला असतो. दवंडी ऐकून तो जीव मुठीत धरून खिडकीतून खाली उडी टाकतो आणि गर्दीत शिरून खरं काय ते ओरडून सांगतो. शकार म्हणतो, हा चोर आहे, मी मारलं म्हणून सूड उगवतोय. दासाच्या शब्दाला किंमत नाही, म्हणून ती साक्ष वाया जाते.

१९५८पासून कार्तिकात उज्जैनला कालिदास समारोह भरतो आणि संस्कृत नाटकांना तिथे अजून रंगमंच मिळतो. 'मृच्छकटिक' उभं करणाऱ्या कुठल्याही दिग्दर्शकापुढे या अंकात एक उघडा निर्णय असतो. चारुदत्त शकाराला सोडतो त्या क्षणी वसंतसेनेला कुठे उभं करायचं, तिला त्याच्याकडे बघू द्यायचं की प्रेक्षकाकडे पाठ करून उभं ठेवायचं, हे शूद्रकाने लिहून ठेवलेलं नाही. देवलांच्या काळी नायिकेच्या मौनाचा अर्थ संमती असाच घेतला गेला असता. आज तो तसाच घेण्याची सक्ती कोणावर नाही.