स्वयंपाकघरात विटांची फरशी: घालायच्या आधी बशीत एक वीट उभी करा



दुकान नवीन होतं तेव्हा चाकणच्या बाजूच्या एका काकूंना मी स्वयंपाकघरासाठी विटांची फरशी करून दिली. तीन महिन्यांनी त्यांनी मला चहाला बोलावलं. चहा पिताना मी खाली बघत होतो आणि त्या माझ्याकडे. गॅसच्या ओट्यापुढे तेलाचा काळा पट्टा, सिंकखाली पांढरी पावडर. कोटेशन हलकं दिसावं म्हणून सीलरची ओळ मीच खोडली होती. दुरुस्ती अर्थातच माझ्या खिशातून झाली.

म्हणून आता गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असतो, घर जमिनीवर आहे की वरच्या मजल्यावर? मोशी-वाकडच्या फ्लॅटमध्ये अख्खी वीट घालू नका. ८ बाय १० फुटांच्या किचनमध्ये ३ इंच जाडीच्या विटा म्हणजे जवळपास एक टन वजन, खालचा माल वेगळाच. स्लॅबचा हिशोब टाइल धरून केलेला असतो. फ्लॅटवाल्यांनी विटेच्या पातळ टाइल घ्याव्यात, दिसायला तेच दिसतं.

आता वीट. आपल्याकडे बिल्डर लोक ब्लॉकवर गेलेत, त्यामुळे चांगली लाल वीट शोधावी लागते. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात, तेव्हा माल उन्हाळ्यातच निवडून ठेवा. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज आला पाहिजे. नखाने ओरखडा उठता कामा नये. मग एक कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात ठेवा. ‘आयएस १०७७’ प्रमाणे नेहमीच्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, म्हणजे ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. किचनसाठी जितकं कमी तितकं बरं.

आणि बशीची टेस्ट. बशीत इंचभर पाणी घालून वीट उभी करा, पाणी आटू द्या, परत घाला, परत आटू द्या. विटेवर पांढरा थर आला तर तो ट्रक परत पाठवा. काकूंच्या सिंकखालची पावडर हीच होती. विटेतले क्षार ओलीबरोबर वर येतात, आणि बोअरचं पाणी वापरलं की त्यात भर पडते. मला हे बशीतच कळलं असतं, खर्च शून्य रुपये.

८० चौरस फुटांना ९ इंची विटा सपाट घातल्या तर साधारण २५०, धारेवर उभ्या घातल्या तर ३६५ लागतात. मोडतोडीला १० टक्के जास्त धरा. खाली मुरूम नीट धुम्मस करून त्यावर ४ इंच कोबा. विटा आधी भिजवायच्या, नाहीतर त्या मालातलं पाणी ओढून घेतात आणि पकड राहत नाही. माल १:६, सांधे बोटभर, दर्जा भरायला १:३. पाणी जाळीकडे जाईल असा किंचित उतार गवंड्याकडून आधी दोरीवर दाखवून घ्या, नंतर वाद नको. दर्जा भरायच्या आधी विटांच्या तोंडावर सीलरचा एक हात मारा, म्हणजे सिमेंटचे डाग बसत नाहीत. सात दिवस पाणी मारा.

मग थांबा. इथेच सगळे घाई करतात, कारण गृहप्रवेशाची तारीख ठरलेली असते. महिनाभर फरशी वाळू द्या. खात्री करायची तर दोन फूट प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून ओल आहे, सीलर मारला तर ती आत कोंडते. सीलर आत मुरणारा घ्या. चकचकीत थराचा घेतलात तर ओट्यापुढे, जिथे पाय सतत घासतात, तिथेच आधी सोलतो.

रोजच्या वापरात एकच नियम पाळा: ॲसिड नाही. बाथरूमचं ॲसिड किचनमध्ये आणायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, ते दर्ज्यातलं सिमेंट खातं. साधा सौम्य साबण आणि पिळलेलं फडकं पुरतं. तेल सांडलं तर आधी टिपा, पुसू नका. उरलेल्या डागावर मुलतानी मातीचा जाड लेप रात्रभर ठेवा. हळदीवर कपड्यांचा साबण घासलात तर ती लाल होते. (लाल फरशीवर खपून जाईल म्हणा!) ऊन येत असेल तर हळद आपोआप फिकी पडते.

सीलर संपला कसा ओळखायचा? पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा राहिला तर ठीक, विटेत जिरला तर पुढचा हात मारायची वेळ झाली. ओट्यापुढचा पट्टा बाकीच्या खोलीच्या आधी जिरायला लागतो, तेवढाच करून घेतला तरी चालतं.

कॉन्ट्रॅक्टर मित्रांनो, माझ्या कोटेशनमध्ये आता सीलर आणि सहा महिन्यांनंतरची एक फेरी या दोन वेगळ्या ओळी असतात आणि त्या मी खोडत नाही. रक्कम बघून काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात, जाऊ देतो. काकूंकडे दिवाळीच्या आधी जातो, थेंब टाकून बघतो. चहा अजून मिळतो.