पदव्युत्तर जैवतंत्रज्ञानातील लघुशोधप्रबंध : संशोधनप्रशिक्षणाचे स्वरूप

प्रस्तावना :
एम. एस्सी. जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाच्या अखेरीस लघुशोधप्रबंध सादर करावा लागतो. प्रश्न नेमकेपणाने मांडून त्याचे उत्तर पुराव्यावर पारखण्याची सवय लावणे, हा त्याचा मूळ हेतू होय. महागडी उपकरणे नसतानाही ही सवय लावता येते, हे प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याला लागू पडणाऱ्या एका उदाहरणाद्वारे स्पष्ट केले आहे.

विषय व प्रचलित पद्धती :
चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बद्ध होतो व पिकाला पुरेसा मिळत नाही. म्हणून कापसाच्या मुळांलगतच्या मातीतून स्फुरद विरघळविणारे जिवाणू शोधणे, हा उपयुक्त विषय ठरतो. पिकोव्हस्काया यांच्या १९४८ मधील माध्यमावर वसाहतीभोवती पारदर्शक वलय दिसले, की नमुना जनुकक्रम-तपासणीसाठी बाहेर पाठविला जातो. जिवाणूचे नाव कळते आणि प्रबंध तेथेच संपतो.

वास्तविक प्रश्न तेथून सुरू होतो. हे जिवाणू सेंद्रिय आम्ले स्रवून स्फुरद मोकळा करतात. उपर्युक्त माध्यमाचा सामू सहज उतरतो. चुनखडीयुक्त जमिनीचा मात्र तसा उतरत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ मध्ये बफरयुक्त माध्यम वापरून या मर्यादेकडे लक्ष वेधले होते. अर्थात, बशीतील वलय हा शेतातील उपयोगाचा पुरावा नव्हे.

प्रयोगरचना :
तोच जिवाणू बफरसह व बफरविना द्रवमाध्यमात वाढवावा. जिवाणूविरहित माध्यम नियंत्रण म्हणून ठेवावे व प्रत्येक प्रयोगाच्या किमान तीन पुनरावृत्ती घ्याव्यात. मोजमापासाठी सामूमापक व कलरीमीटर पुरेसे आहेत. बफरमध्ये स्फुरद विरघळला नाही, तर तो निष्कर्षही तितकाच ग्राह्य मानावा.

मार्गदर्शकाची भूमिका :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमानुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. तथापि, संगणकप्रणाली मजकुरातील साम्य पकडते. कल्पित नोंदी पकडत नाही. त्यासाठी प्रयोगवहीत त्याच दिवशी नोंद व मार्गदर्शकाची स्वाक्षरी आवश्यक आहे. फसलेल्या प्रयोगाची नोंदही खोडू नये.

निष्कर्ष :
अशा जिवाणूंपासून बनलेली खते कोरडवाहू शेतकरी पदरचे पैसे मोडून विकत घेतो. त्यांची पारख करणारा पदवीधर उद्या आपल्याच प्रयोगशाळेतून बाहेर पडणार आहे. म्हणून प्रबंधाचे मूल्यमापन करताना पृष्ठसंख्येपेक्षा प्रश्न, नियंत्रण व नोंदी यांना अधिक महत्त्व देणे अगत्याचे आहे.