स्कारा ब्रे : पुस्तकातील काळ आणि कार्बनचे घड्याळ

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. तेथे झाडे फार थोडी. पण सपाट थरांनी सुटणारा दगड मुबलक. १८५० साली एका वादळाने तेथील किनाऱ्यावरची वाळू उडवून नेली आणि खाली दडलेल्या दगडी घरांच्या भिंती उघड्या पडल्या. हेच स्कारा ब्रे गाव.

१९२८ ते १९३० या काळात गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले. घराघरांत मधोमध चूल, कडेला दगडी पलंग आणि समोर दगडी मांडणी होती. १९३१ साली त्यांनी या गावावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच त्यांनी गावाला ‘पिक्ट लोकांचे खेडे’ म्हटले, म्हणजे ते लोहयुगातील ठरवले. पण गावात धातूची वस्तू मिळाली नव्हती! मग हे कसे? दूरच्या बेटांवर जुनी राहणी उशिरापर्यंत टिकून राहिली असावी, असा त्यांचा तर्क होता. पुढे १९३६ मध्ये स्टुअर्ट पिगट यांनी येथील मडक्यांवरील नक्षीचे इंग्लंडमधील नवाश्मयुगीन मडक्यांशी साम्य दाखवले आणि या तर्काविषयी शंका निर्माण झाली.

निर्णय दिला तो भौतिकशास्त्राने. विश्वकिरणांमुळे वातावरणात किरणोत्सर्गी कार्बन-१४ सतत तयार होत असतो. वनस्पती तो शोषून घेतात व अन्नावाटे तो प्राण्यांत जातो. प्राणी मेला की हा पुरवठा थांबतो आणि असलेला साठा घटू लागतो. त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे आहे. आता हिशेब करा. मृत्यूच्या वेळी हाडात कार्बन-१४ चे १०० भाग होते असे माना. २,५०० वर्षांनी त्यांतील सुमारे ७४ उरतील. ५,००० वर्षांनी सुमारे ५५. हा फरक उपकरणाला सहज कळतो.

१९७२-७३ मध्ये तेथे पुन्हा उत्खनन झाले आणि नमुन्यांचे मापन करण्यात आले. गावातील वस्ती इ. स. पू. सुमारे ३१८० ते २५०० या काळातील ठरली. म्हणजे इजिप्तचा मोठा पिरॅमिड उभा राहण्याच्या कित्येक शतके आधी येथे चुली पेटत होत्या. ‘मागासलेले बेट’ ही कल्पनाच कोसळली.

अर्थात या घड्याळालाही दुरुस्ती लागते. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते. म्हणून वर्षे मोजलेल्या वृक्षवलयांशी तुलना करून काळ सुधारून घेतात. समुद्राच्या पाण्यातील कार्बन ‘जुना’ असतो. त्यामुळे मासे खाणाऱ्या माणसाचे हाड खऱ्या वयापेक्षा शेकडो वर्षे जुने भासू शकते. बेटावर ही काळजी विशेष घ्यावी लागते.

मग चाइल्ड यांचे पुस्तक टाकाऊ झाले काय? मुळीच नाही. त्यांतील घरांचे नकाशे, मोजमापे व वस्तूंची वर्णने आजही उपयोगी पडतात. चुकला तो काळाविषयीचा तर्क. धातू मिळाला नाही, हे निरीक्षण. बेट मागे राहिले, हे अनुमान. इतिहासाच्या तुमच्या पुस्तकातील एखादे पान उघडा आणि वहीत दोन रकाने करून प्रत्येक विधान योग्य रकान्यात लिहून पाहा.