एकाच खडकाची तीस वर्षे

स्पिट्सबर्गेन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ७९ उत्तर अक्षांशाजवळ, काँग्सफ्योर्ड नावाची जी खाडी आहे, तिच्या मुखाशी सुमारे १५ मीटर खोलीवरील खडकावर १९८० साली ट्रोम्सो विद्यापीठाचे ब्योर्न गुलिकसेन यांनी काही चौकोन मुक्रर केले, त्यांतल्या निम्म्यांवरील सर्व जीव खरवडून काढले, निम्मे जसेच्या तसे राखले, आणि बर्फाच्या पाण्यात बुडी मारून वर्षानुवर्षे त्याच चौकोनांची छायाचित्रे घेण्याचा शिरस्ता घातला.

तलाठ्याने दरसाल त्याच गटात उभे राहून पीकपाहणी नोंदवावी, तसे हे काम. त्यात शोधयात्रेचा थरार नाही, आणि माझ्या मते तेच त्याचे मोल आहे. समुद्रपुष्पे, खडकाला चिकटलेले कवचधारी जीव, समुद्री साळू यांची चित्रावरून मोजदाद करायची आणि ती दप्तरी लावायची. खरवडलेला खडक शेजाऱ्यासारखा दिसू लागण्यास एका दशकाहून अधिक काळ लागला, एवढी त्या थंड प्रदेशातील जीवनाची चाल मंद!

आणि अशा मंदगती जगात १९९५ च्या सुमारास उभ्या वाढणाऱ्या समुद्रशैवालाने एकाएकी मुसंडी मारून खडकाचे आपल्याखालील क्षेत्र पाचपट केले. उत्तरेकडील स्मेरेनबुर्गफ्योर्डमध्ये २००० साली तेच आठपट झाले. पाणी तर सावकाश तापत होते आणि बर्फमुक्त दिवस, म्हणजे तळाशी पोहोचणारा प्रकाश, क्रमाक्रमाने वाढत होता. परंतु जीवसमाजाने ती क्रमिकता पाळली नाही. १९९० साली एकदाच पाहणी करून परतलेल्या पथकाने, कितीही इमानेइतबारे काम केले असते तरी, हा खडक प्राण्यांचा असाच अहवाल दिला असता. या एकाएकी बदलाचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष तीस वर्षांच्या चित्रमालिकेवाचून निघणे अशक्य होते.

याच खाडीकाठी न्यू ओलेसुंड येथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे. गोव्यातील वास्को येथील ध्रुवीय संशोधन संस्थेच्या अखत्यारीतील इथल्या संशोधनकार्यातूनच २०१४ साली ‘इंडआर्क’ हा यंत्रसंच खाडीत बुडविण्यात आला. त्याची उपकरणे पाण्याचे तापमान आणि क्षारता टिपतात. जीवांच्या नोंदीला कारणांची जोड द्यायची तर असे आकडे हवेतच.

मात्र छायाचित्राची हुकमत खडकाच्या पृष्ठभागापुरती. खाडीचा खोल तळ गाळाचा, आणि त्यात दडलेले कृमी व शिंपले कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी जहाजावरून लोखंडी जबडा सोडून चिखलाचा घास वर आणावा लागतो, तो चाळणीवर धुवावा लागतो, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव ओळखून वेगळा करावा लागतो.