खरोशाची टेकडी आणि तिच्याखालची अडीचशे कोटी वर्षे

लातूरहून औसा ओलांडून निलंग्याच्या वाटेला लागले की साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर खरोसा येते. गावाजवळ टेकडी आहे आणि टेकडीच्या अंगात लेणी कोरलेली आहेत. मोजली तर बाराच्या आसपास. एका लेण्यात बुद्ध बसलेला आहे, बाकीच्यांत शिवलिंग, नरसिंह, कार्तिकेय, शिव-पार्वती आणि रावण. सहाव्या शतकाच्या सुमारास हे काम सुरू झाले असे अभ्यासक मानतात. म्हणजे वय सुमारे चौदाशे वर्षे. चढण दमवते, पण सह्याद्रीतल्या गडकोटांच्या मानाने ती काहीच नाही. म्हणून खरोशाला कोणी ट्रेकिंगच्या यादीत घालत नाही. उंची हे या टेकडीचे खरे माप नाहीच. तिची मापे दगडात, मजुरीत आणि काळात घ्यावी लागतात, आणि ती घ्यायला बसले की आकडे आवरत नाहीत.

आधी मजुरी. वेरूळच्या कैलास लेण्याचा हिशेब करताना पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी 1929 सालचा एक अंदाज आधाराला घेतला होता: एक मजूर दिवसभरात 4 घनफूट खडक फोडतो. त्यावरून 250 मजूर कैलास साडेपाच वर्षांत उभा करू शकतील असे उत्तर त्यांनी काढले. कैलासातून बाहेर काढलेला दगड दोन लाख टनांच्या घरात धरला जातो. आता हाच भाव खरोशाला लावून पाहू. वीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी एक पोकळी करायची तर 4,000 घनफूट खडक काढावा लागेल. एका माणसाचे हजार दिवस. दहा पाथरवट लावले तर शंभर दिवस, म्हणजे पावसाळा संपल्यापासून संक्रांत उलटेपर्यंत. ही फक्त पोकळी झाली. खांब, मूर्ती, गाभारा हे पुढचे काम, आणि त्यात चूक करायची सोय नाही. भिंत बांधताना वाकडा दगड बदलता येतो. लेण्यात उडालेला टवका परत बसत नाही.

इथे लातूरकरांनी एक गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी. कैलास ज्यांच्या राजवटीत कोरला गेला ते राष्ट्रकूट ताम्रपटांतून स्वतःला लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवून घेत, आणि हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे बहुतेक इतिहासकार मानतात. पुढे याच घराण्याने नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला वैभव दिले. तिथला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आणि एका प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे तुटलेले अवयव अजून पाहता येतात. खरोशाची छिन्नी त्यांच्याही आधी चालू झालेली. दगड कोरण्याची ही हातोटी मराठवाड्यात बाहेरून आलेली नाही, ती इथल्याच मातीत मुरलेली आहे.

पण हा दगड कुठला? वेरूळ-अजिंठ्याचा काळा कातळ इथे नाही. खरोशाची लेणी जांभ्यात कोरलेली आहेत, कोकणात घरे बांधतात त्या तांबूस, भोकाभोकांच्या दगडात. जांभा फोडायला काळ्या पाषाणापेक्षा बराच सोपा, म्हणून वर धरलेला हजार दिवसांचा हिशेब खरोशात थोडा कमीच भरला असेल. पण जे पटकन कोरले जाते ते पटकन झिजतेही. इथल्या मूर्तींचे नाकडोळे बोथट झाले आहेत ते म्हणूनच. जांभा तयार कसा होतो हे कळले की आकड्यांची दुसरी पायरी येते. काळ्या खडकावर लाखो वर्षे ऊन-पाऊस पडत राहतो, त्यातली वाळूची द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरते. तांबडा रंग त्या लोहाचा. म्हणजे खरोशाच्या पाथरवटाच्या हाती आलेला दगड आधीच पावसाने लाखो वर्षे घडवलेला होता.

त्या जांभ्याखाली काळा पाषाण आहे, आणि इथून पुढे आकडे खरोखर डोके चक्रावतात.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमीन फाटली आणि लाव्हा वाहू लागला. आजही तो थिजलेला लाव्हा, म्हणजेच हा काळा पाषाण, पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन लाख सात हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा महाराष्ट्र झाकून वर आणखी पुष्कळ उरावा एवढा हा पसारा. मूळ लाव्हा किती असावा याचे अंदाज दहा लाख घन किलोमीटरच्या पुढे जातात. आपण दहा लाखच धरू. जायकवाडी काठोकाठ भरले की त्यात 2,909 दलघमी पाणी मावते, म्हणजे तीन घन किलोमीटरही नाही. दहा लाख घन किलोमीटर लाव्हा साठवायला तीन लाख चव्वेचाळीस हजार जायकवाड्या लागतील. तो सगळा महाराष्ट्राच्या सीमेत सारखा पसरला तर सव्वातीन किलोमीटर उंचीचा थर होईल, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट.

यातला बहुतेक लाव्हा सुमारे दहा लाख वर्षांत बाहेर पडला. सरासरी काढली तर वर्षाला एक घन किलोमीटर. हे माप लातूरच्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली ती आपण विसरलेलो नाही. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले, पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका फेरीत पंचवीस लाख लिटर आणू लागली. आता त्या पन्नास वाघिणी पाण्याऐवजी लाव्ह्याने भरलेल्या आहेत असे धरा. वर्षाला एक घन किलोमीटर म्हणजे वर्षाला चार लाख गाड्या. दर ऐंशी सेकंदांना एक. रात्र नाही, दिवस नाही, सुटी नाही, आणि हे दहा लाख वर्षे. प्रत्यक्षात लाव्हा असा समान वेगाने आला नाही. मध्ये हजारो वर्षांची शांतता असे आणि मग एखादा उद्रेक सगळी थकबाकी एकदम फेडून टाकी. त्यातले काही लोंढे सुमारे हजार किलोमीटर वाहत राजमहेंद्रीपर्यंत पोचले. पृथ्वीवर माहीत असलेल्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्यांची गणना होते. नांदेडच्या घाटावरून गोदावरी आज जिकडे जाते, तिकडेच.

हा थर सगळीकडे सारखा जाड नाही. कोयनेत भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विवर घेतले तेव्हा काळा पाषाण सुमारे सव्वा किलोमीटर लागला. पूर्वेकडे तो पातळ होत जातो आणि नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे तर संपूनच जातो. तिथे खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. लातूर या दोहोंच्या मधे. मधे म्हणजे नेमके किती, हे आपल्याला कळले ते फार मोठी किंमत मोजून.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी खरोशाच्याच औसा तालुक्यातले किल्लारी आणि भोवतालची गावे कोसळली. भूकंपाची तीव्रता 6.2. सुमारे दहा हजार माणसे गेली. या तीव्रतेच्या भूकंपातून सुटणारी ऊर्जा सूत्राने मोजली तर हिरोशिमावरच्या दोन बॉम्बांएवढी येते. ती काही सेकंदांत सुटली. माणसे मेली ती मात्र दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली. दहा हजारांचा हा आकडा लिहिताना हात थांबतो. बाकीचे आकडे थक्क करतात, हा नाही.

भूकंपाचे कारण शोधायला हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किल्लारीच्या विवराचा अभ्यास केला. ते विवर 617 मीटर खोल गेले. काळा पाषाण 338 मीटर निघाला, म्हणजे अकराशे फुटांच्या वर. दुष्काळात कर्ज काढून हजार फुटांचे बोअर मारणाऱ्या शेतकऱ्याने हा आकडा नीट पाहावा. हजार फुटांवर गेलेला त्याचा गजही अजून त्या 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातच असतो, आणि लाव्ह्यात पाणी फक्त भेगांत आणि सांध्यांत सापडते. भेग लागली तर नशीब. लाव्ह्याखाली जेमतेम आठ मीटरचा गाळाचा थर मिळाला, लाव्हा येण्यापूर्वीच्या भूमीचा. त्याखाली जो खडक लागला त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांहून जास्त. तो मूळचा पृथ्वीच्या पोटात कित्येक किलोमीटर खोल शिजलेला, कधीतरी वर उचलला गेलेला. अशा तापलेल्या, पिळवटलेल्या खडकाच्या पाठीवर आपली गावे बसली आहेत.

आता लातूर ते खरोसा हा पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता पुन्हा धरू, पण या वेळी तो वर्षांनी मोजू. लातूरला अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा तो खालचा खडक आणि लेण्याच्या दारात आजचा दिवस. दहा लाख वर्षांना अठरा मीटर पडतात. औसा मागे पडते तरी अजून शंभर कोटींहून अधिक वर्षे बाकी असतात आणि जमिनीवर गवताचे पातेही उगवलेले नसते. रस्ता संपायला चार-सव्वाचार किलोमीटर उरले की डायनोसॉर दिसू लागतात. शेवटच्या बाराशे मीटरला लाव्हा सुरू होतो, आणि साधारण त्याच ठिकाणी डायनोसॉर संपतात. माणूस, तुमच्या-आमच्यासारखा, शेवटच्या साडेपाच मीटरमध्ये येतो. चौदाशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने छिन्नी लावली ती शेवटच्या अडीच सेंटिमीटरवर. किल्लारीचा भूकंप अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

त्या अडीच सेंटिमीटरमध्ये एवढे काम झाले आहे. एकाच टेकडीवर बुद्ध, शिव आणि विष्णू या तिघांना जागा मिळाली. ते कोरणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांना लाव्ह्याचे वय माहीत नव्हते. त्यांना एवढेच कळले होते की हा दगड कोरता येतो आणि हे काम आपल्या मागे राहील. त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

मराठवाड्याची मापे आपण नेहमी उणिवेत घेतो: किती मिलिमीटर पाऊस कमी, किती टक्के धरण रिकामे, किती टँकर. ती मापे खरी आहेत आणि घ्यायलाच हवीत. पण लातूर-नांदेडच्या शाळांच्या सहली वेरूळला आणि अजिंठ्याला जातात आणि लातूरपासून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या खरोशाला जात नाहीत, हे मला पटत नाही. भूगोलाच्या मास्तरांनी आणि इतिहासाच्या बाईंनी मिळून एक दिवस मुलांना ही टेकडी पायी चढवावी. सोबत काळ्या दगडाचा एक खडा न्यावा आणि जांभ्याशेजारी धरून दाखवावा. मूर्तींना हात लावू देऊ नये, भिंतीवर नाव कोरू देऊ नये. जांभा लवकर झिजतो. मुलांना वहीत फक्त 338 हा आकडा लिहायला सांगावा आणि बाकीचा हिशेब त्यांचा त्यांना करू द्यावा.