हिव खरंच कमी झालं काय?

मंडळी, पौष महिन्यातल्या एखाद्या पहाटे चिखलीहून खामगावच्या रस्त्याला लागा आणि अमडापूरला उतरा. गावात कुठे ना कुठे शेकोटी पेटलेली दिसेलच. हात शेकता शेकता तिथे एक बोलणे हमखास निघते. एखादे म्हातारबाबा म्हणतात, "आताचं हिव काय हिव हाये बाप्पा? आमच्या लहानपनी धुऱ्यावरचं गवत पांढरंफट दिसे, बरफ पडल्यावानी!" शेजारी बसलेला नातू हसतो. त्याने भूगोलात वाचलेले असते की बर्फ पडतो तो काश्मीरात नि हिमाचलात, बुलढाणा जिल्ह्यात नव्हे. मग खरे कोणाचे?

दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. कसे, ते पाहू.

आपल्या भाषेने तर हिवाळ्यात बर्फ कधीच घालून ठेवला आहे. हिम म्हणजे बर्फ. त्याचेच झाले हीव, आणि हिवाचा काळ तो हिवाळा. पण आकाशातून बर्फ पडणे वेगळे आणि जमिनीवर दव गोठणे वेगळे. बर्फ पडायला वर ढग हवेत आणि ढगापासून जमिनीपर्यंतची हवा चांगली गारठलेली हवी. हे आपल्याकडे जुळून येत नाही. गवतावरचे पाणी गोठायला मात्र एवढा सरंजाम लागत नाही.

दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशाकडे सोडून देते. आकाशात ढग असले की ते वाकळीसारखे काम करतात, ऊब अडते. आभाळ स्वच्छ, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला, म्हणजे ही वाकळ कोणी ओढून नेल्यासारखे होते. अशा रात्री आधी गार होते ती जमीन आणि गवताची पाती. त्यांच्या वरची हवा मागाहून गारठते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. पेटीत ३-४ अंश दिसत असताना खाली गवतावर शून्याच्या खाली पारा गेलेला असू शकतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कधी कधी पांढरे हिमकण दिसतात, ते असेच.

यात चमत्कार काही नाही. उत्तर हिंदुस्थानात अलाहाबादकडे पूर्वी याच युक्तीने बर्फ करीत. उथळ खड्ड्यात कडबा पसरायचा, त्यावर मातीची पसरट भांडी ठेवून त्यात थोडे पाणी घालायचे आणि पहाटे वर जमलेला बर्फ गोळा करायचा. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली हे लिहून ठेवले आहे. तेव्हा आजोबांना धुऱ्यावर जे पांढरे दिसले, ते गोठलेले दव असू शकेल. नातवाने हसू नये.

पण म्हणून आजोबांचे सगळेच मान्य करावे काय? जरा थांबा. पुण्याला पारा १.७ अंशांपर्यंत उतरला तो जानेवारी १९३५ मध्ये. हे आजोबांच्या बाजूचे झाले. पण नागपूरला ३.५ अंशांचा नीचांक नोंदला गेला तो डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे अगदी अलीकडे. उत्तरेकडे हिमालयात बर्फ पडून गेला आणि तिकडचे कोरडे वारे खाली आले, की आजही अशी लाट येते.

शिवाय आठवण हा काही तापमापक नव्हे. लहान मुलाचे अंग लवकर गारठते. त्या वेळी अंगात एक सदरा, पायात वहाण नाही, आणि भल्या पहाटे सोंगणीला किंवा हरभऱ्याची आंब टिपायला शेतावर जायचे. आज तोच माणूस सिमेंटच्या घरात ब्लँकेट घेऊन निजतो. दिवसा तापलेल्या भिंती रात्री त्याला ऊब देतात. आणखी असे की आठवणीत राहतात त्या चार कडाक्याच्या पहाटा. मधल्या साध्या पन्नास आपण विसरून जातो.

तर मग बदल झालाच नाही काय? झाला आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. कोळसा नि तेल जाळून निघणारा वायू जगभराच्या हवेत साठतो आहे, तो याचे मुख्य कारण. तुम्ही म्हणाल, पाऊण अंशाने काय होते? एका रात्रीत काहीच कळत नाही. पण सरासरी वाढली म्हणजे कडाक्याच्या पहाटा विरळ होतात आणि उबदार रात्री जास्त.

हे पिकाला आपल्या आधी कळते. गव्हाला फुटवे फुटायला थंडी लागते. दाणे भरताना ऊन तापले, तर दाणा चिमतो आणि पीक लवकर पिवळे पडते. ऐन हिवाळ्यात ढगाळ हवा राहिली, तर हरभऱ्यावर घाटेअळीची भीती. कधी तर याहून वाईट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली आणि हाताशी आलेला गहू-हरभरा झोपला. शेते पांढरी झाली, पण ती थंडीने नव्हे. गारा तयार होतात त्या उंच चढणाऱ्या ढगांत, आणि असे ढग चढायला खालची हवा तापलेली नि दमट असावी लागते. म्हणजे पांढरे शेत पाहून 'यंदा हिव लई' असे म्हणणे चुकीचे ठरेल.

आता गुरुजींना एक विनंती. शाळेत एक तापमापक आणा. भिंतीपासून दूर, सावलीत, चार फुटांवर टांगा. रोज सूर्योदयाच्या सुमारास मुलांकडून पारा वाचून वहीत लिहून घ्या. शेजारी दव पडले काय, ढग होते काय, वारा होता काय, हेही लिहा. हरभऱ्याला फूल कधी आले, गहू ओंबीवर कधी आला, याची तारीख टाका. सुट्टीच्या दिवशी खाडा नको. मुलांनी पाळी लावून घ्यावी. हवामान ठरवायला शास्त्रज्ञ तीस वर्षांच्या नोंदी पाहतात. एका वहीने काही सिद्ध होणार नाही, पण दहा-पंधरा वह्या झाल्या की पेरणी चार दिवस पुढे घ्यावी की मागे, हे बोलताना गावाच्या हाती काही आधार राहील.

आणि त्या वहीचे पहिले पान आजोबांना द्या. त्यांना आठवते ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि ही आठवण आहे अशी वर नोंद करा. दुसऱ्या पानापासून पारा लिहायला लागा. पुढे हा नातू शेकोटीपाशी बसून 'आमच्या वेळचं हिव' सांगू लागेल, तेव्हा कोणी हसलेच, तर त्याने वही उघडून दाखवावी.