टाळी कोणासाठी?

मंडळी, सामना पाहायला कोण कोण येते, हे कधी न्याहाळले आहे का? आपल्या पुणतांब्याचेच घ्या. दौंड–मनमाड रेल्वेवरचे हे गाव. जवळून गोदामाई वाहते, चांगदेवांची समाधी येथेच आहे. नाना ठिकाणची माणसे येथे येतात-जातात. मैदानाच्या कडेला शेतकरी असतो, मजूर असतो, दुकानदार असतो. कोणी मराठा, कोणी माळी, कोणी बौद्ध, कोणी मुसलमान. सगळ्यांचे डोळे मात्र एकाच चेंडूवर. टाळीला जात नसते, असे आपण म्हणतो. पण हे आपोआप होत नाही. संघ कशावरून बांधला, यावर ते अवलंबून असते. कसे, ते पाहू.

फुटबॉलचे वेड पाहावे ते कोल्हापुरात. तेथे शाहू स्टेडियमवर सामने होतात. संघांची नावे ऐका : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. तालमीच्या नावाने पोरे फुटबॉलही खेळू लागली. संघ जातीच्या नावाचा नाही, तालमीच्या नावाचा. म्हणून पेठेत राहणारा कोणीही त्याला ‘आपला संघ’ म्हणू शकतो. नायजेरियासारख्या दूर देशाचे खेळाडूही तेथील संघांतून खेळले आहेत. त्यांची भाषा कळत नसेल, पण त्यांनी मारलेला गोल सगळ्यांना कळतो!

आता याच्या उलट पाहा. मुंबईत पूर्वी क्रिकेटचे मोठे सामने भरत. त्यांत संघ धर्मावरून पाडलेले असत : हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन. 1937 सालापासून ‘बाकीचे’ असा पाचवा संघ आला. त्यात ख्रिस्ती वगैरे खेळाडू असत. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती. म्हणून ते ‘बाकीचे’! 1943 सालच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्यांच्या संघाने दुसऱ्या डावात 387 धावा केल्या. त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या! तरी संघ हरला.

असे संघ असले म्हणजे टाळी वाजवण्याआधीच माणूस धर्म पाहू लागतो. शेजारी बसलेला मित्र परका वाटू लागतो. गांधीजींनी 1940 साली सांगितले की, खेळात असे धर्माचे तट नकोत. 1946 नंतर ते सामने बंद झाले. पुढे 1952 साली मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. तेव्हा कर्णधार कोण होते? तेच विजय हजारे. काल जो ‘बाकीचा’ होता, तो आज सगळ्यांचा झाला. माणूस तोच होता, बरं का. फक्त संघ बांधण्याची रीत बदलली.

पण पेठेचा अभिमानही फाजील झाला की घात करतो. कोल्हापुरातही समर्थकांची हाणामारी झाली आहे. मग अभिमान टाकून द्यावा काय? तसे नाही. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचे हाडवैर प्रसिद्ध आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ईस्ट बंगालला आपले मानले. ऑगस्ट 2024 मध्ये तेथे एका डॉक्टर महिलेवर अत्याचार करून तिचा खून झाला. या दोन संघांचा ठरलेला सामनाही रद्द झाला. तेव्हा दोन्हींचे समर्थक एकत्र रस्त्यावर आले. मोहमेडन स्पोर्टिंगचेही आले. न्याय मागताना त्यांनी एकमेकांचे झेंडे पाहिले नाहीत.

शाळेत आम्ही संघ पाडीत असू, तेव्हा आळीवरून पाडीत नसू. आळीवरून पाडले की जातीवरून पाडल्यासारखेच होई. हजेरीपटावरचे सम क्रमांक एकीकडे, विषम दुसरीकडे. पोरे कुरकुरत. पण खेळ रंगला की ज्याच्या पंगतीला कधी बसले नाहीत, त्याच्याच नावाने ओरडत!

तेव्हा मंडळी, गावात संघ बांधाल तेव्हा सगळ्या आळ्यांची पोरे मिसळून बांधा. कडेला आयाबहिणींनाही जागा ठेवा. हरणाऱ्या पोराला जातीवरून शिवी कोणी दिली, तर तिथल्या तिथे थांबवा. ती शिवी ते पोर जन्मभर विसरत नाही. आणि पलीकडच्या पोराने झकास गोल मारला, तर त्यालाही टाळी द्या. खेळ पाहायला आलो आहोत ना आपण?